दोरीच्या अलीकडे, दोरीच्या पलीकडे
बापू नाडकर्णी, माधव मंत्री आणि खेळाचा कारभार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते क्रीडाशिक्षक होते. म्हणून आज मी खेळाडूविषयी बोलणार आहे, पण त्याच्या आयुष्याच्या अशा भागाविषयी, ज्याकडे आपण सहसा पाहत नाही. खेळाडू तिशी-पस्तिशीत थांबतो. त्यानंतर त्याच्यापुढे आणखी तीस-चाळीस वर्षं असतात. त्या वर्षांचं तो काय करतो, आणि मुख्य म्हणजे आपण समाज म्हणून त्याच्या शहाणपणाचं काय करतो, हा माझा विषय आहे.

उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. माधव मंत्री यांचा जन्म १ सप्टेंबर १९२१चा, नाशिकचा. रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे आपले बापू नाडकर्णी, यांचा जन्म ४ एप्रिल १९३३चा, तोही नाशिकचा. दोघंही भारताकडून कसोटी खेळले. दोघांचं क्रिकेट पुण्या-मुंबईत बहरलं. आणि खेळणं थांबल्यावर दोघंही खेळाच्या कारभारात शिरले: निवड, दौऱ्यांचं व्यवस्थापन, संघटनेची पदं. एका गावात जन्मलेले दोन कसोटीपटू पुढे भारतीय क्रिकेटच्या कारभारात इतके खोल रुजावेत, ही नाशिकने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. आपण ती पुरेशी सांगत नाही.

आधी बापूंकडे येतो.

त्यांच्या नावाला एक आकडा कायमचा चिकटला आहे. जानेवारी १९६४, मद्रासची कसोटी, समोर इंग्लंड. भारताने ७ बाद ४५७ वर डाव सोडला होता. बुधी कुंदरन यांनी १९२ धावा केल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन खेळपट्टीवर होते आणि बापूंच्या हाती चेंडू आला. त्यांच्या गोलंदाजीचे चार टप्पे असे: ३ षटकं, तिन्ही निर्धाव, मग ७ षटकांत ५ निर्धाव, २ धावा, मग १९ षटकांत १८ निर्धाव, १ धाव, शेवटी ३ षटकांत १ निर्धाव, २ धावा. एकूण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. यात सलग २१ षटकं निर्धाव होती आणि सलग १३१ चेंडूंवर धाव निघाली नाही. सलग २१ निर्धाव षटकांचा तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

या पराक्रमावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. इंग्लंडला हरायचं नव्हतं, फलंदाज धावांसाठी धोका पत्करायला तयार नव्हते, मग निर्धाव षटकांचं कौतुक कसलं, असा तो आक्षेप. फलंदाज सावध होते हे खरंच आहे. पण सावध फलंदाजसुद्धा सैल चेंडू सोडत नाही. आखूड पडलेला चेंडू, पायावर आलेला चेंडू, बाहेर भरकटलेला चेंडू यांवर बोलस आणि बॅरिंग्टन एकेक धाव सहज काढू शकले असते. १३१ चेंडूंत तशी संधी बापूंनी दिली नाही. सरावात ते खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकत, असं सांगतात. त्यांचा चेंडू हातभर वळत नसे, उंच तरंगत येऊन फलंदाजाला भुरळही घालत नसे. तो जिथे पडायला हवा तिथे पडे, आणि पुढचाही तिथेच.

आता त्याच डावाचा धावफलक पुढे वाचा. बोलस ८८, बॅरिंग्टन ८०, आणि इंग्लंड सर्व बाद ३१७. बळी कोणी घेतले? चंदू बोर्डे यांनी ५. एका टोकाला धावाच निघत नसतील, तर फलंदाजाला दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजावर हात उगारावा लागतो. ते बळी धावफलकात बोर्डेंच्या नावावर लागले आणि लागायलाच हवेत. बोर्डे मोठे गोलंदाज होते. पण त्या यशात बापूंचा वाटा किती, हे मोजायचं साधन आपल्याकडे तेव्हा नव्हतं. मोजायची इच्छाही नव्हती.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण १९६०-६१ च्या मालिकेत पाकिस्तानविरुद्ध कानपूरला त्यांनी ३२ षटकांत २४ निर्धाव टाकली आणि २३ धावा दिल्या. दिल्लीला ३४ षटकांत २४ निर्धाव, २४ धावा, १ बळी. संपूर्ण कसोटी कारकिर्दीत नऊ हजारांहून अधिक चेंडू टाकून त्यांनी षटकामागे १.६७ धावा दिल्या. ४१ कसोटींत ८८ बळी, हा आकडा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शेजारी १.६७ ठेवला की ८८ चा अर्थ बदलतो.

१९६८च्या न्यूझीलंड दौऱ्यात हे सगळ्यांत स्वच्छ दिसलं. पतौडींच्या नेतृत्वाखाली भारताने ती मालिका ३-१ अशी जिंकली. परदेशात भारताने जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका. एरापल्ली प्रसन्नांनी २४ बळी घेतले, आणि लोकांना आठवतात ते प्रसन्नाच. पण वेलिंग्टनच्या विजयात बापूंनी ४३ धावांत ६ बळी मिळवले, ती कसोटीतल्या एका डावातली त्यांची सर्वोत्तम कामगिरी. त्या दौऱ्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. तेव्हा वय होतं ३४.

आणि फलंदाजी? तिचा तर आपल्याला विसरच पडला आहे. डिसेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीला त्यांनी कसोटी पदार्पण केलं, विनू मांकड यांच्या जागी. पहिल्याच कसोटीत नाबाद ६८ केल्या, ५७ षटकं टाकली आणि एकही बळी मिळाला नाही. १९६४च्या त्याच इंग्लंड मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑन आला. बापूंनी पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा करून सामना वाचवला. त्या मालिकेत त्यांची सरासरी ९८ होती. प्रथम श्रेणीत ८,८८० धावा, १४ शतकं, नाबाद २८३ ही सर्वोच्च धावसंख्या, शिवाय ५०० बळी. महाराष्ट्राकडून सुरुवात केल्यावर १९६०-६१ पासून ते मुंबईकडून खेळले, आणि त्या काळातला मुंबईचा रणजी संघ ओळीने विजेता होत होता. यात क्षेत्ररक्षण अजून धरलेलंच नाही. डोक्यावर हेल्मेट नसताना ते फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, सिली पॉइंटला उभे राहत.

हे सगळं विस्ताराने सांगण्याचं कारण आहे. पुढे व्यवस्थापक म्हणून बापू कसे वागले याचं बीज त्यांच्या खेळण्याच्या तऱ्हेत आहे, असं मला वाटतं. एक टोक धरून ठेवायचं, दुसऱ्याला बळी घेऊ द्यायचे, आणि श्रेयाची वाट पाहायची नाही.

इथे मी तुम्हाला थोडा वेळ अमेरिकेत नेणार आहे, बेसबॉलच्या मैदानावर. बिली बीन नावाच्या तरुणाला १९८० साली न्यूयॉर्क मेट्स या संघाने पहिल्याच फेरीत निवडलं. उंच, चपळ, देखणा. जाणकारांनी त्याला भावी तारा ठरवलं. प्रत्यक्षात काय झालं? १९८४ ते १९८९ या काळात चार संघांकडून मिळून तो जेमतेम दीडशे सामने खेळला. त्याची फलंदाजीची सरासरी .२१९ होती, म्हणजे हजार संधींत २१९ वेळा यश. बेसबॉलमध्ये ही सुमार गणली जाते. १९९० साली, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर, त्याने ओकलंडच्या संघव्यवस्थापनाकडे जाऊन एक विलक्षण मागणी केली: मला खेळायचं नाही, मला स्काउटची नोकरी द्या. म्हणजे गावोगाव फिरून दुसऱ्यांचा खेळ पाहण्याची आणि त्यावर अहवाल लिहिण्याची नोकरी. सात वर्षांत तो त्या संघाचा महाव्यवस्थापक झाला. ओकलंडकडे पैसा बेताचा होता. श्रीमंत यांकीज संघाच्या तुलनेत खेळाडूंवरचा त्यांचा खर्च एक तृतीयांशाच्या आसपास होता. तरी २००२ साली ओकलंडने सलग २० सामने जिंकले. कसे? जे गुण बाजारात कोणी मोजत नव्हतं ते बीन आणि त्याचे सहकारी मोजू लागले. मोठे फटके मारणाऱ्यापेक्षा बाद न होता तळावर पोहोचणारा खेळाडू त्यांनी स्वस्तात मिळवला. २००३ साली मायकल लुईस यांनी यावर ‘मनीबॉल’ हे पुस्तक लिहिलं आणि पुढे त्यावर चित्रपटही आला.

बीनच्या या गोष्टीतून साधारणपणे संगणकाचा आणि आकड्यांचा महिमा सांगितला जातो. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जाणकारांची नजर चुकते हे बीनला स्वतःच्या अंगावरच्या अनुभवाने कळलं होतं. तो देखणा होता म्हणून निवडला गेला आणि अपयशी ठरला. म्हणून पुढे तो देखणेपणाला भुलला नाही. मैदानावरचं त्याचं अपयश खुर्चीवर बसल्यावर त्याची पुंजी झालं.

मोठा खेळाडू हा आपोआप चांगला व्यवस्थापक होतो, असं आपण धरून चालतो. बीनकडे पाहिलं तर तसं दिसत नाही. आपल्या माधव मंत्रींकडे पाहिलं तरी नाही.

मंत्री ४ कसोटी खेळले आणि त्यांत ६७ धावा केल्या. कसोटीपटू म्हणून एवढीच नोंद. पण ते यष्टिरक्षक होते, मुंबईला रणजी जिंकून देणारे कर्णधार होते, आणि दादर युनियन या क्लबचे आधारस्तंभ होते. १९४८-४९ मध्ये पुण्याला मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात जो प्रचंड धावांचा रणजी सामना झाला, त्यात त्यांनी २०० धावा केल्या. दादर युनियनमध्ये वेळेला पोहोचणं, कपडे स्वच्छ असणं आणि पंचांच्या निर्णयावर तोंड न उघडणं याबाबत त्यांची शिस्त कडक होती. त्या क्लबने पुढे सुनील गावस्कर आणि दिलीप वेंगसरकर घडवले.

गावस्कर त्यांचे सख्खे भाचे. लहानपणी मामाकडे भारतीय संघाचे स्वेटर पाहून त्यांनी एक मागितला, तेव्हा मामाने तो दिला नाही. हा स्वेटर मिळवावा लागतो, असं सांगितलं. हा प्रसंग गावस्करांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. घरातल्या लाडक्या भाच्याला नकार देऊ शकणारा माणूस पुढे निवड आणि हिशेब यांच्या कामात कसा वागला असेल, याची कल्पना यावरून येते. १९९० साली मंत्री इंग्लंड दौऱ्यावर भारतीय संघाचे व्यवस्थापक होते. त्याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डवर १७ वर्षांच्या सचिन तेंडुलकरने पहिलं कसोटी शतक केलं. मंत्री भारतीय क्रिकेट मंडळाचे कोषाध्यक्ष आणि मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्षही होते. २३ मे २०१४ रोजी वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले, तेव्हा ते हयात असलेले सर्वांत ज्येष्ठ भारतीय कसोटीपटू होते.

पुन्हा बापूंकडे. ते मुंबई संघटनेचे आणि पुढे भारतीय मंडळाचे सहसचिव झाले, राष्ट्रीय निवड समितीत होते, आणि अनेक दौऱ्यांवर साहाय्यक व्यवस्थापक म्हणून गेले. त्या काळी संघाबरोबर आजच्यासारखा प्रशिक्षकांचा ताफा नसे. साहाय्यक व्यवस्थापकाला सगळंच पाहावं लागे: सरावाची सोय, खेळाडूंची दुखणी, यजमानांशी बोलणी, आणि खचलेल्या पोराच्या खांद्यावर हात. गावस्करांनी बापूंच्या निधनानंतर आठवण सांगितली होती की जेवणाच्या किंवा चहाच्या विश्रांतीत बापू कर्णधाराजवळ येत आणि अमुक गोलंदाजाला टोक बदलून दे, तमुकला यष्टीच्या दुसऱ्या बाजूने टाकायला सांग, अशा बारीक सूचना करत. आणि त्यांचं आवडतं वाक्य होतं: ‘छोडो मत.’

त्यांच्या व्यवस्थापनाची खरी कसोटी लागली ती फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला. मालिकेत ऑस्ट्रेलिया १-० ने पुढे होती. भारताच्या दुसऱ्या डावात गावस्कर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली होती. गावस्कर ७० वर असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागला होता असं गावस्करांचं म्हणणं होतं. ते परतताना लिलीने डिवचलं, आणि संतापलेल्या गावस्करांनी मागे वळून चौहान यांनाही आपल्याबरोबर बाहेर चालायला लावलं. कर्णधार दुसऱ्या फलंदाजालाही घेऊन मैदान सोडत होता. चौहान दोरी ओलांडून बाहेर गेले असते तर सामना सोडून दिला असाच त्याचा अर्थ झाला असता.

दोरीजवळ दोन माणसं उभी राहिली: व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी आणि साहाय्यक व्यवस्थापक बापू नाडकर्णी. गावस्कर आत गेले, चौहान खेळपट्टीवर परत गेले, आणि दिलीप वेंगसरकर पुढचे फलंदाज म्हणून आले.

पुढे काय झालं? चौहान यांनी ८५ केल्या. भारताचा डाव ३२४ वर संपला आणि ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हव्या होत्या. जायबंदी कपिल देव यांनी २८ धावांत ५ बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ वर आटोपली, भारत ५९ धावांनी जिंकला आणि मालिका बरोबरीत सुटली. धावफलकावर कपिलचं नाव आहे, चौहानचं आहे, पहिल्या डावात शतक करणाऱ्या गुंडाप्पा विश्वनाथांचंही आहे. दुराणी आणि नाडकर्णी यांच्यासाठी धावफलकात रकानाच नाही. पण त्या एका मिनिटाविना बाकीच्या नोंदी झाल्याच नसत्या.

रागावलेल्या कर्णधारासमोर उभं राहायला अधिकार लागतो, आणि तो पदाच्या पत्रातून मिळत नाही. बापूंना तो मिळाला होता ४१ कसोटींतून, सिली पॉइंटला अंगावर घेतलेल्या चेंडूंतून. मात्र त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या क्षणी स्वतःचं काहीच पणाला लावायची, मिरवायची त्यांना गरज नव्हती.

आज परिस्थिती बदलली आहे. खेळाचं व्यवस्थापन हा पगारी व्यवसाय झाला. आयपीएलच्या प्रत्येक संघाकडे व्यवस्थापक, विश्लेषक, स्काउट असतात. क्रिकेटच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना उभी राहिली आणि मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत खेळाडूंचे प्रतिनिधी बसू लागले, त्यांत एक महिलाही. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आणि क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंसाठी जागा ठेवल्या. हे सगळं स्वागतार्ह आहे. बापू आणि मंत्री यांच्या पिढीला एका कसोटीचे दोन-अडीचशे रुपये मिळत, पोट कंपनीच्या नोकरीवर चाले आणि संघटनेचं काम बहुतेक मानद असे. तशी सेवा पुढच्या पिढ्यांकडून फुकट मागण्याचा आपल्याला हक्क नाही.

पण ‘नामवंत’ या अटीबद्दल मला काळजी वाटते. नामवंत माणूस समितीत बसला की छायाचित्र चांगलं येतं. संघाचं रेल्वे आरक्षण, पंचांचं मानधन, मुलींच्या संघासाठी कपडे बदलण्याची खोली, जखमी खेळाडूचं औषध, वेळेवर लागणारी निवड यादी ही कामं मात्र अशा माणसाला जमतात, ज्याने मैदानावर दुसऱ्याच्या बळींसाठी षटकं टाकली आहेत. ६७ कसोटी धावा करणारे मंत्री आणि .२१९ सरासरीचा बीन आपल्याला हेच दाखवतात. निवड करताना आपली नजर तिकडे वळत नाही.

नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर माणसांची वाण नाही. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात उतरले आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्या संघात होते. डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव इथलाच, महाराष्ट्राकडून खेळलेला. आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामने होतात. या नावाजलेल्यांच्या मागे शेकडो असे आहेत जे जिल्हा पातळीवर पंधरा वर्षं खेळले, एखादं राज्य निवड शिबिर पाहिलं आणि मग दुकानात, शेतात, बँकेत रुजू झाले. मैदान कुठे ओलं राहतं, कोणत्या शाळेतली मुलं उपाशी सरावाला येतात, कोणता पंच दबावाला बळी पडतो, हे त्यांना ठाऊक आहे. ते ज्ञान आज कोणाच्याही वहीत नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. इथे शाळांचे मुख्याध्यापक बसले आहेत, क्लबांचे चिटणीस आहेत, तालमींचे वस्ताद आहेत. पुढच्या हंगामात तुमच्या संघाबरोबर एक निवृत्त खेळाडू व्यवस्थापक म्हणून पाठवा, आणि त्याला प्रवासभत्ता व मानधन द्या. समितीत एक जागा अशा माणसासाठी ठेवा ज्याचं नाव वर्तमानपत्रात कधी आलं नाही, पण ज्याच्यावर कर्णधार डोळे मिटून विश्वास टाकत असे. अशा माणसांत मुलींच्या संघातून खेळलेल्या बायका हव्यातच. त्यांना हिशेबाची वही द्या, सामन्याचं वेळापत्रक द्या, निवडीत मत द्या. आणि बापू नाडकर्णी यांचा जन्म या गावातला आहे, हे तुमच्या मुलांना सांगाल तेव्हा २१ निर्धाव षटकांच्या जोडीला मेलबर्नची दोरीही सांगा.